नळाचे पाणी, शाळेची रिक्षा आणि सकाळची ४५ मिनिटे : नोकरदार आईवडिलांनी पळायला कसे लागावे

साताऱ्यात आमच्या भागात नळाला पाणी पहाटे येते, धाकट्या मुलीच्या शाळेचे रिक्षाकाका पावणेसातला दारात हॉर्न वाजवतात, आणि पतीची फर्स्ट शिफ्ट असेल त्या आठवड्यात त्यांना साडेसहाला घर सोडावे लागते. अशा घरात वयाच्या ३९ व्या वर्षी मी पळायला लागणार असल्याचे सांगितले, तेव्हा सासूबाईंचा प्रश्न अगदी रास्त होता : "दिवसभर पळतीसच की, आणि वेगळं कशाला पळायचं?" घरातील पळापळीने माणूस थकतो, पण हृदयाची ताकद त्याने फारशी वाढत नाही, हे मला त्यांना समजावून सांगता आले नाही. पुढच्या वर्षभरात मी बऱ्याच चुका केल्या, त्या सुधारल्या, आणि आता आठवड्यातून तीन दिवस विनासायास पळते. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत, ज्यांना नऊ-दहाच्या सुमारास कामावर हजर व्हायचे असते आणि ज्यांनी शाळा सुटल्यापासून पळून पाहिलेले नाही, अशा वाचकांसाठी ही माहिती क्रमवार मांडत आहे.

आधी घराचा कागद

पळणे बंद पडते ते बहुधा पायांमुळे नव्हे, तर घरात कोणाशी नीट न बोलल्यामुळे, हे माझे अनुभवावरून झालेले ठाम मत आहे. म्हणून बूट घेण्याआधी एक कागद घ्यावा, त्यावर सातही दिवस मांडावेत, आणि पाणी भरणे, डबे, रिक्षा, क्लास, आईवडिलांची औषधे, शिफ्ट या ज्या गोष्टी हलवता येत नाहीत त्या प्रथम लिहाव्यात. उरलेल्या जागेत आठवड्यातून तीन वेळा ४५ मिनिटे शोधायची आहेत. पैकी दोन वेळा कामाच्या दिवसांत आणि एक रविवारी असली, तर ती टिकते. दोन पळण्यांमध्ये किमान एक दिवस मोकळा राहील असे पाहावे, कारण श्वास आणि हृदय काही आठवड्यांत सरावतात, पण हाडे आणि स्नायूबंध यांना त्याहून बराच जास्त काळ लागतो, आणि त्यांची डागडुजी विश्रांतीच्या दिवशी होते. आठवड्यातून दोनदाच पळाल्यास प्रगती फार संथ होते. चार दिवसांचा बेत नव्या माणसाच्या घरात महिनाभरही चालत नाही. तीन ही संख्या मला सर्वांत व्यवहार्य वाटते.

एकूण हिशेब सव्वादोन तासांचा झाला. हा वेळ झोपेतून कापू नये. सहा तासांहून कमी झोपून पळणाऱ्याची चिडचिड वाढते आणि दुखणीही लवकर मागे लागतात. आमच्याकडे हा वेळ रात्रीच्या मोबाइलमधून निघाला. साडेदहाला फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा आणि सव्वापाचला उठायचे. कणीक रात्रीच मळून फ्रीजमध्ये ठेवली, भाजी चिरून ठेवली आणि पळण्याचे कपडे उशाशी ठेवले, तर सकाळची किमान २० मिनिटे वाचतात.

देवाणघेवाण स्पष्ट शब्दांत ठरवावी. "मदत कर" असे मोघम सांगितल्याने काही होत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी पाणी भरणे, दूध तापवणे आणि मुलीची वेणी ही कामे पतीची, आणि त्याबदल्यात गुरुवारची संध्याकाळ त्यांच्या बॅडमिंटनची, असा आमचा करार आहे. (वेणी पहिले दोन महिने वाकडी झाली. शाळेने हरकत घेतली नाही.) शिफ्ट बदलते त्या आठवड्यात वेळही बदलते, म्हणून दर रविवारी रात्री पुढच्या आठवड्याचे तीन दिवस आम्ही नव्याने ठरवतो. मूल फार लहान असेल किंवा घरात दुसरे मोठे माणूस नसेल, तर घर दिसत राहील अशा अंतरातील १५ मिनिटांच्या फेऱ्यांनी सुरुवात करावी, किंवा मुलाला सायकल देऊन मैदानावर सोबत न्यावे. मोठ्या मुलाच्या हाती घड्याळ देऊन त्याला "पळा" आणि "चाला" असे ओरडण्याचे काम दिले, तर तो ते भलत्याच निष्ठेने करतो.

तपासणी

चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपानाची सवय किंवा घरात कमी वयात हृदयविकार झाल्याचा इतिहास असलेल्यांनी सुरुवातीपूर्वी डॉक्टरांना भेटावे आणि त्यांना कोणत्या तपासण्या आवश्यक वाटतात ते विचारावे. स्त्रियांनी हिमोग्लोबिन तपासून घेणे फायद्याचे ठरते. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीमध्ये ते डेसिलिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात, आणि तसे असताना लागणारी धाप ही सरावाच्या अभावाची आहे असे समजून आपण स्वतःलाच दोष देत राहतो. बाळंतपणानंतर किमान तीन महिने पळणे टाळावे. त्यानंतरही पळताना लघवी निसटत असेल किंवा ओटीपोटात जडपणा जाणवत असेल, तर फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा. ही तक्रार अनेकींना असते आणि उपचाराने ती बऱ्याच अंशी सुधारते, पण लाजेमुळे तिच्याविषयी कोणी बोलत नाही. पळताना छातीत दाटून आले, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा हातात अथवा जबड्यात कळ गेली, तर तेथेच थांबावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

बूट आणि कपडे

या छंदात खर्च करण्याजोगी एकच मोठी वस्तू आहे, ती म्हणजे पळण्यासाठी बनवलेले बूट. ते संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय किंचित फुगतात. पळताना वापरायचे मोजे घालून दुकानातच चार पावले पळून पाहावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी राहिली पाहिजे, नाहीतर उतारावर नखे काळी पडतात. महाग बूट अधिक सुरक्षित असतात असे नाही, पायाला आरामदायक वाटणे ही कसोटी पुरेशी आहे. एक जोड साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो, म्हणजे आठवड्याला १० किलोमीटर पळणाऱ्याला तो सुमारे वर्षभर सहज पुरतो. सुती मोजे घामाने ओले होऊन फोड आणतात, म्हणून सिंथेटिक मोजे घ्यावेत. स्त्रियांनी चांगल्या स्पोर्ट्स ब्राच्या बाबतीत काटकसर करू नये. बाकी जुना सैल टी-शर्ट आणि ट्रॅकपँट चालते, सलवार-कुर्त्यावर पळणाऱ्या स्त्रियाही मी रोज पाहते. स्मार्ट घड्याळ पहिल्या वर्षी घेऊ नये असे मी सुचवेन. ते आकडे दाखवून घाई करायला लावते.

वेग

सातारा जिल्ह्यात पळणे म्हटले की डोळ्यांसमोर वेग येतो. अपशिंगे मिलिटरीसारख्या, घराघरातून सैन्यात माणसे पाठवणाऱ्या गावांचा हा जिल्हा आहे. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत दहावे स्थान मिळवले, ते येथील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मैदानावर पहाटे भरतीची पोरे पळत असतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १,६०० आणि मुलींना ८०० मीटर पळावे लागते आणि लागलेल्या वेळेनुसार गुण मिळतात, त्यामुळे ती जीव तोडून पळतात. त्यांच्या शेजारून पळताना नकळत आपलाही वेग वाढतो. पहिल्या दिवशी माझे असेच झाले, आणि दीड मिनिटात कठड्याला धरून उभे राहण्याची वेळ आली. त्या दिवशी मी स्वतःला पळण्यास अपात्र ठरवून टाकले होते. प्रत्यक्षात मी केवळ माझ्या कुवतीच्या दुप्पट वेगाने पळत होते.

योग्य वेग ओळखण्याची रीत सोपी आहे. पळता पळता शेजारच्या माणसाशी एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. "आज डब्याला बटाट्याची भाजी दिली आणि पोळ्या कालच्याच दिल्या" हे एका दमात म्हणता आले तर वेग बरोबर आहे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर तो जास्त आहे, आणि गाणे म्हणता येत असेल तर थोडा वाढवायला हरकत नाही. सुरुवातीला हा वेग इतका कमी असतो की भरभर चालणारे आजोबा आपल्याला मागे टाकून जातात. जाऊ द्यावेत. संथ पळण्याने स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात, हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते आणि शरीर चरबीचा इंधन म्हणून अधिक चांगला वापर करू लागते. हे बदल होण्यासाठी धापा टाकण्याची गरज नसते. पावले लांब टाकण्याऐवजी लहान आणि हलकी टाकावीत, पाय गुडघ्याच्या फार पुढे आपटू नये, खांदे सैल सोडावेत आणि मुठी घट्ट आवळू नयेत. टाच आधी टेकते की पंजा, या वादात नवख्याने पडूच नये.

बारा आठवडे

अगदीच सवय नसेल तर आधी दोन आठवडे आठवड्यातून तीन वेळा ३० मिनिटे भरभर चालावे. त्यानंतर प्रत्येक वेळी आरंभी पाच मिनिटे आणि शेवटी पाच मिनिटे चालणे गृहीत धरून मधला भाग पुढीलप्रमाणे वाढवावा.

पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्यात एक मिनिट पळावे व दोन मिनिटे चालावे, असे आठ वेळा. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात दोन मिनिटे पळावे व दोन मिनिटे चालावे, असे सहा वेळा. पाचव्या व सहाव्या आठवड्यात तीन मिनिटे पळणे व एक मिनिट चालणे, सहा वेळा. सातव्या व आठव्या आठवड्यात पाच मिनिटे पळणे व एक मिनिट चालणे, चार वेळा. नवव्या आठवड्यात आठ मिनिटे पळून एक मिनिट चालणे, तीन वेळा. दहाव्या आठवड्यात दहा-दहा मिनिटांचे दोन तुकडे आणि मध्ये एक मिनिट चालणे. अकराव्या आठवड्यात आधी १५ व नंतर १० मिनिटांचा तुकडा. बाराव्या आठवड्यात सलग २५ मिनिटे. किलोमीटरला आठ मिनिटे लागत असतील तर हे अंतर तीन किलोमीटरहून थोडे अधिक भरते.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोरकस व्यायाम सुचवला आहे. तीन वेळा २५ मिनिटे म्हणजे नेमकी ७५ मिनिटे होतात, म्हणून सुरुवातीचे उद्दिष्ट येथवर ठेवणे मला पुरेसे वाटते.

हे वेळापत्रक बारा आठवड्यांचे असले तरी मला ते पूर्ण करायला एकोणीस आठवडे लागले. एखादा टप्पा जड गेला तर तोच पुन्हा करावा. मुलाला ताप आला, वार्षिक हिशेबाचे दिवस आले, पाहुणे आले, तर आठवडा जाणारच. एक आठवडा चुकला तर त्याआधीचा आठवडा पुन्हा करावा, आणि दोन-तीन आठवडे चुकले तर दोन टप्पे मागे जावे. बुडालेली पळणी रविवारी एकदम भरून काढू नयेत. स्वतःला ताप असताना पळू नये, आणि तो उतरल्यावरही अंगात ताकद परतेपर्यंत चालण्यावर भागवावे. ज्या दिवशी अजिबात इच्छा नसते त्या दिवशी बूट घालून कोपऱ्यापर्यंत चालत जावे आणि तेथे ठरवावे, असा मी स्वतःशी नियम केला आहे. कोपऱ्यावरून मी वर्षभरात दोनदाच परत आले.

साताऱ्यात कोठे पळावे

अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेल्या या शहरात सपाट रस्ता शोधावा लागतो. राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे येताना वरचा रस्ता असो वा खालचा, दोन्हींना उतार आहे, आणि जाताना आनंदाने उतरलेले अंतर येताना चढावे लागते. पहिले तीन महिने शाहू क्रीडा संकुलासारखे मैदान उत्तम, कारण माती आणि गवत डांबरापेक्षा मऊ असते, वाहने नसतात, आणि सोबतीला माणसे असल्याने अंधाराची भीती वाटत नाही. ज्यांचे घर मैदानापासून दूर आहे त्यांनी तेथपर्यंत गाडीने जाण्यात २० मिनिटे घालवू नयेत. कॉलनीतील अर्ध्या किलोमीटरची फेरी कंटाळवाणी असली तरी घराजवळ असते, आणि मुलगी उठून रडू लागली तर तीन मिनिटांत परतता येते.

रस्त्यावर पळायचे झाल्यास उजव्या कडेने पळावे, म्हणजे समोरून येणारी वाहने दिसतात. जानेवारीत येथे सूर्य सातच्याही नंतर उगवतो, त्यामुळे साडेपाचला गडद अंधार असतो. फिकट रंगाचा शर्ट आणि चमकणारी पट्टी आवश्यक आहे. साखर कारखान्यांच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या पहाटे रस्त्यावर असतात, कित्येकांना मागचा दिवा नसतो आणि लोंबणारा ऊस ट्रॉलीच्या बाहेर आलेला असतो, म्हणून त्या दिवसांत शहराबाहेरचे रस्ते टाळावेत. कानात गाणी लावून अंधारात पळू नये. कुत्री अंगावर आली तर पळणे थांबवून, त्यांच्या डोळ्यांत न बघता, हळू चालत पुढे जावे. चावा बसलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी.

दुखणी, आणि माझी यवतेश्वरची चूक

सहाव्या आठवड्यात अंगात बळ आल्यासारखे वाटू लागले आणि एका रविवारी मी कोणालाही न विचारता समर्थ मंदिराच्या पुढे यवतेश्वर घाटाला लागले. चढताना छान वाटले. उतरताना तर आपण जन्मजात धावपटू आहोत असेच वाटले. दुसऱ्या दिवशी दोन्ही नडग्यांच्या आतल्या बाजूने कळ सुरू झाली आणि पुढचे पाच आठवडे पळणे बंद राहिले. उतारावर प्रत्येक पावलाला पायावर बसणारा आघात वाढतो, स्नायूंना ताणले जात असतानाच जोर लावावा लागतो, आणि त्याची तयारी सपाटीवर होत नाही, हे मला मागाहून कळले.

नडगीची ही कळ नवख्यांचे सर्वांत सामान्य दुखणे आहे आणि भार एकदम वाढवणे हे तिचे नेहमीचे कारण असते. कळ लांबवर पसरलेली असेल तर पळणे थांबवून काही आठवड्यांत ती कमी होते. बोट ठेवता येईल अशा एकाच जागी हाड दुखत असेल आणि ते रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा गेल्याची शक्यता असते व अस्थितज्ज्ञांकडे जावे लागते. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेल्या पहिल्या पावलांना टाच दुखणे ही दुसरी नेहमीची तक्रार आहे. फरशीवर अनवाणी फिरणे कमी करून आणि पोटरीला ताण देऊन तिला बराच आराम पडतो. पळू की नको असा प्रश्न पडल्यास मी तीन गोष्टी पाहते. पहिल्या दहा मिनिटांत जाणारा आखडलेपणा चालतो. पळताना वाढत जाणारी कळ चालत नाही. आणि लंगडावे लागत असेल, तर त्या दिवशी एक पाऊलही पळू नये.

दुखणी टाळण्यासाठी आठवड्यातून दोनदा दहा मिनिटे ताकदीचे व्यायाम करावेत. त्यासाठी जिमची गरज नाही. जिन्याच्या पायरीवर पंजे टेकून टाचा १५ वेळा वर-खाली करणे, खुर्चीवर बसल्यासारख्या १५ उठाबशा, आणि पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर १५ वेळा उचलणे, असे दोन-दोन वेळा केले तरी पुष्कळ फरक पडतो. माझ्या टाचा कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत वर-खाली होतात, आणि दात घासताना मी एका पायावर उभी असते.

खाणेपिणे

अर्ध्या तासाच्या पळण्यासाठी विशेष आहार लागत नाही. पहाटे अर्धे केळे किंवा अर्धा कप चहा पुरतो, काहींना रिकाम्या पोटीच बरे वाटते. संध्याकाळी पळणाऱ्यांनी जेवणानंतर किमान दोन-तीन तास जाऊ द्यावेत. परतल्यावर पाणी आणि तासाभरात नेहमीची न्याहारी घ्यावी, फक्त तीत मटकीची उसळ, अंडी, दूध किंवा दही यांपैकी काहीतरी असावे. उन्हाळ्यात घाम फार गेला तर मीठ घातलेले ताक बाजारातील रंगीत पेयांपेक्षा चांगले. वजन कमी करण्यासाठी पळणाऱ्यांनी मात्र हे ध्यानात घ्यावे की तीन किलोमीटरला साधारण दोनशे कॅलरी जातात, आणि रविवारी पळून आल्याच्या आनंदात खाल्लेले चार कंदी पेढे त्या सहज परत आणतात.

पावसाळा आणि घाट

सुरुवात करण्यास नोव्हेंबर सर्वांत सोयीचा, कारण पावसाळ्याआधी सहा-सात महिने हाती लागतात. जून ते सप्टेंबर रिपरिपीत पळायला हरकत नाही, पण शेवाळलेले कट्टे, उघडी गटारे आणि वीज यांपासून सावध राहावे. ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत बरेच कोरडे होतात. मुसळधार असेल त्या दिवशी इमारतीचा जिना १५ मिनिटे चढ-उतार करावा.

साताऱ्यात पळणाऱ्याला आज ना उद्या हिल हाफ मॅरेथॉनचा प्रश्न विचारला जातोच. २०१२ पासून होणारी ही २१ किलोमीटरची शर्यत शहरातून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जाते आणि त्याच वाटेने परत उतरते. सलग ४५ मिनिटे सहज पळता येऊ लागेपर्यंत तिचा विचार करू नये, आणि त्यानंतरही तयारीला सहा महिने ठेवावेत, कारण आठवड्याचे एकूण अंतर हळूहळूच वाढवायचे असते. त्या काळात रविवारचे पळणे दीड-दोन तासांचे होते, म्हणजे घरातील करार पुन्हा मांडावा लागतो. घाटाची पहिली ओळख करून घेताना खालून फक्त एक किलोमीटर वर जावे, चढावर श्वास वाक्यापुरता उरत नसेल तेथे बिनदिक्कत चालावे, आणि उतरताना पूर्ण अंतर चालतच यावे. दोन आठवड्यांनी उताराचा निम्मा भाग लहान पावलांनी पळावा. पर्यटकांच्या गाड्या आठच्या सुमारास वर जाऊ लागतात, त्याआधी खाली पोचलेले बरे. मी साडेसातपर्यंत परतते, कारण रविवारी पाणी भरणे माझ्याकडे आहे.